तारचोराचा सेनापती

सावरपिंप्रीत पितांबर दौलत पाटलांना नावानं कुणी हाक मारत नसे. गाव त्यांना सेनापती म्हणे. घरची सून शेजारणीला सांगे, "सेनापती आत्ताच पडलेत." पोस्टमन पाकिटावरचं नाव न वाचता पत्र देऊन जाई. वडीलधारे म्हणून आबा म्हणणारे चारदोन होते, पण पाहुण्यांसमोर तेही सेनापतीच म्हणत. एके काळी या हाकेनं पितांबर आबांची मान ताठ होई. पंचाहत्तरी गाठली तेव्हा मात्र सेनापती म्हणून कुणी हाक मारली, की आता उठून उभं राहावं लागणार एवढंच त्यांच्या मनात येई. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, शाळेचं स्नेहसंमेलन, सोसायटीच्या गोदामाचं उद्घाटन, सगळीकडे उभं राहायचं. गुडघे कधीचे गेले होते.

बेचाळीसच्या सप्टेंबरपासून चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी बोरी आणि पांझरा या दोन नद्यांच्या मुलखात पांझरा दल चालवलं. दल म्हणजे सतरा माणसं, ठासणीच्या दोन बंदुका आणि एक सायकल. सायकल चढावर ढकलावी लागे. एवढ्या सरंजामावर त्यांनी चावड्यांची दप्तरं जाळली, टपालाच्या थैल्या विहिरीत टाकल्या, मैलोन् मैल तारा तोडल्या. सेनापती हा शब्द त्यांचा स्वतःचा नव्हता. पहिल्या पत्रकाखाली सही कोणत्या हुद्द्यानं करायची असा प्रश्न निघाला, तेव्हा पत्रक लिहिणाऱ्या मास्तरांनी तो घातला. मास्तर त्याच हिवाळ्यात तापानं गेले. शब्द राहिला.

सरकारनं पाचशे रुपयांचं बक्षीस लावलं, तरी ते कधी सापडले नाहीत. लोकांना त्यात शौर्य दिसे. त्यात नशिबाचा वाटा किती आणि दलातल्या निंबाचा किती, हे आबांना ठाऊक होतं. पण निंबाचं नाव त्यांच्या भाषणात कधी आलं नाही.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी नऊ एकर कोरडवाहू केली, कापूस आणि भुईमूग. एकदा सरपंच झाले. सत्तावन्न साली निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, म्हणजे असे पडले की त्यानंतर कुणी विचारायलाही आलं नाही. बायको धुरपदाबाई त्र्याऐंशीत गेली. ती एकटीच त्यांना सेनापती म्हणत नसे. तिच्या लेखी ते "अहो" होते, आणि रागावली की "हाऊ माणूस," म्हणजे हा माणूस.

ऐंशीच्या सुमारास सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना मान आणि निवृत्तिवेतन द्यायचं ठरवलं. तुरुंगात गेलेल्यांकडे तुरुंगाचे कागद होते. भूमिगतांकडे काय असणार? त्यांना दाखला लागे, अमुक माणूस अमुक काळात दलात होता असा. पांझरा दलाचा दाखला देणार कोण, तर सेनापती. आबांचे व्याही जीवराम यांनी धुळ्याहून रबरी शिक्का करून आणला. वर दलाचं नाव, खाली सहीला जागा. जीवराम बोलायला मोठा गोड माणूस. एकदा ते एका शेतकऱ्याला घेऊन आले. आबा म्हणाले, "हा कधी होता आपल्यात?"

"आबा, तुम्ही याना खयामा किती राती काढ्यात?"

"खळ्यात? चारपाच काढल्या असतील."

"भाकर कोनी दिधी?"

"याच्या मायनं."

"मंग सैन्य कोनी पोसं? बंदूक धरी तोच सैनिक का? आनि बंदुका तुम्हना दलमा दोनच व्हत्यात. मंग तुम्ही बी दोनच जण!"

ओट्यावरचे सगळे हसले. आबाही हसले आणि त्यांनी सही केली. त्या माणसाच्या आईची भाकरी त्यांनी खरोखरच खाल्ली होती, आणि ज्या घरची भाकरी खाल्ली त्या घराला नाही म्हणणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मग भाकरी देणारा झाला, निरोप पोचवणारा झाला, निरोप पोचवणाऱ्याचा भाऊ झाला. शेवटी जीवराम स्वतः झाले. बेचाळीसमध्ये जीवराम बारा वर्षांचे होते. सतरातले सहा जण कधीच मेले होते, आणि दहा वर्षांत दलाची संख्या एक्केचाळीसवर गेली. आबांना हे दिसत होतं. दर वेळी एक सही करणं हे एक नाही म्हणण्यापेक्षा सोपं होतं.

ब्याण्णव साली चले जावला पन्नास वर्षं होत होती. तालुक्याच्या ठिकाणी दगडी शिळा बसवायची, तीवर भागातल्या सैनिकांची नावं कोरायची असं ठरलं. लीलाधर नावाच्या निवृत्त मास्तरांच्या हाती समिती होती. त्यांनी पांझरा दलाची एक्केचाळीस नावं जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात छापून आणली. आक्षेप असल्यास कळवावेत, असं खाली बारीक अक्षरात होतं.

आक्षेप कुणी कळवला नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या एसटीनं एक म्हातारी मात्र सावरपिंप्रीत उतरली. हातात पिशवी, पिशवीत ते वर्तमानपत्र. आबांच्या ओट्यापाशी ती उभी राहिली आणि म्हणाली, "वळखं का?"

आबांनी ओळखलं. साक्रीच्या बाजूच्या खैरपाड्याची भिकुबाई, निंबाची बायको. तेरा वर्षांपूर्वी निंबा वारला तेव्हा ते तिच्या दारी गेले होते.

"बस ना, बाई. पाणी घे."

"पानी बिनी नको. परतीनी गाडी चार वाजता शे." तिनं वर्तमानपत्र पुढे केलं. "मी शेजारना पोऱ्याकडथून वाचाडी लिधं. एक्केचाळीस नावं शेतस. मना धनीनं नाव नही. नसू द्या. मी नाव मांगाले नही उनू."

"मग?"

"मरताना त्यानी माले सांगं, भिकु, तो सेनापतीना हुकूम व्हता. हुकूम कसा, ते नही सांगं. तुम्ही त्याना गंधमुक्तीले उनात. मी दाराआड बठेल व्हती. माले वाटनं आते उठतीन, आते सांगतीन. तुम्ही जेवनात आनि चालना गयात." तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. "आबा, काय हुकूम व्हता तो?"

खानदेशात माणूस गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी गंधमुक्ती होते. मांडव पडतो, पाहुणे कपाळी गंध लावून घेतात, सुतक सुटतं. त्या आधी मांडवातली मोठी माणसं एकेक करून उठतात आणि गेलेल्याविषयी चार शब्द बोलतात. निंबाच्या गंधमुक्तीला गावानं आबांना पुढे बसवलं होतं. गाव ज्याला तारचोर म्हणे त्याच्या दारी एवढा मोठा माणूस कसा, याचंच लोकांना नवल वाटत होतं. बोलायला बोलावलं तेव्हा आबा उठले आणि "निंबा कष्टाळू होता" एवढं म्हणून खाली बसले.

हुकूम असा होता. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात दलातला एक जण पकडला गेला आणि तिसऱ्या दिवशी त्यानं चार नावं सांगितली. त्याला मारलंच तसं होतं. त्यानंतर आबांनी तारा तोडणाऱ्यांना बसवून सांगितलं: पकडलं तर राजकारण बोलायचं नाही. वंदे मातरम् म्हणायचं नाही. तांब्याची तार विकायला चोरली म्हणायचं. चोराला पोलीस चार फटके देतात आणि कोर्टात उभं करतात, पण त्याच्या सेनापतीचं नाव विचारत नाहीत.

हुकूम शहाणपणाचा होता. लोक तेव्हाही म्हणाले असते आणि आजही म्हणतील, शहाणपणाचाच होता. तीन आठवड्यांनी सुरत रस्त्यालगत निंबा तारेच्या वेटोळ्यासकट सापडला. वीस वर्षांचा होता, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यानं सांगितल्याप्रमाणे सांगितलं. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, चोरीच्या कलमाखाली. त्या रात्री दलाची माणसं दोन कोसांवरच्या एका मळ्यात झोपलेली होती. निंबानं तोंड उघडलं असतं तर पांझरा दल तिथंच संपलं असतं.

सुटून आला तेव्हा गावानं त्याचं नाव ठेवलं होतं, तारचोर. सत्तेचाळीस साली आबा त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, आता सांगून टाकू. निंबा म्हणाला, "राहू द्या. लोके हासतीन, म्हणतीन आते बठ्ठा चोर सैनिक व्हई ग्यात." सगळेच चोर सैनिक झाले म्हणतील, या धास्तीनं त्यानं दिलेला नकार आबांनी फार लवकर मान्य केला. कारण दुसरं होतं. सेनापती म्हणून हारतुरे घेत फिरत असताना, मी माझ्या माणसांना चोर म्हणवून घ्यायला लावलं, हे तोंडानं सांगणं त्यांना जड जात होतं. वर्ष गेलं, दोन गेली. पुढे तर आजवर का सांगितलं नाही हाच प्रश्न मूळ गोष्टीपेक्षा मोठा झाला.

हे सगळं त्यांनी ओट्यावर भिकुबाईला सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "पोऱ्याले शाळामा तारचोर म्हणेत. सोळा वरीसना व्हता तवय सुरतले मीलमा गया. आजून येस नही. येस, पण राहास नही."

"मी नाव लावून देतो," आबा म्हणाले. "शिळेवर."

भिकुबाईनं वर्तमानपत्राची घडी घातली आणि चारच्या गाडीनं गेली.

आबा दुसऱ्याच दिवशी लीलाधर मास्तरांकडे गेले. त्यांना वाटत होतं, कोर्टाचा कागद आडवा येईल, चोरीची शिक्षा झालेला माणूस कसा घ्यायचा असं विचारतील, आपल्याला झगडावं लागेल. झगडायची त्यांची तयारी होती. मास्तरांनी चष्मा वर करून यादी घेतली आणि तळाशी बेचाळीसावं नाव लिहिलं.

"कागद बघायचे नाहीत?"

"सेनापती, तुमचा शब्द म्हणजे कागदच. अजून कुणी राहिलं असेल तर आजच सांगा. शुक्रवारी दगड कोरणाऱ्याकडे जाईल."

आबा बराच वेळ तिथंच बसून राहिले. चहा आला, निवला. इतकी सोपी गोष्ट होती तर ती पंचेचाळीस वर्षं का राहिली, याचा जाब त्यांना कुणीच विचारत नव्हतं.

ही बातमी पोस्टकार्डावर लिहिण्यासारखी नव्हती. ते स्वतः खैरपाड्याला गेले. पारोळ्याहून धुळे, धुळ्याहून साक्रीची गाडी, आणि पुढे तीन मैल बैलगाडी. भिकुबाई अंगणात लसूण निवडत होती. तिनं ऐकून घेतलं.

"एक्केचाळीसमा खरा कितला शेतस?"

"अकरा," आबा म्हणाले.

"आनि बाकीना?"

"भाकरी देणारे. निरोप देणारे. काही असेच."

"असाच लोकेसमा त्यानं नाव लावं तुम्ही." तिचा आवाज चढला नाही. "तठे दगड उभा राही. मना गावनं कोन जाई तठे वाचाले? तारचोर तठे म्हणतस का? अठे म्हणतस. अठे सांगा."

"गाव जमवायला हवं."

"गाव परवा जमी राहिनं. चुडामणना गंधमुक्तीले."

चुडामण म्हणजे खैरपाड्याचा जुना पोलीसपाटील. त्रेचाळीस साली निंबाला दोरीनं बांधून चावडीत बसवलं ते त्यानंच, पंचनाम्यावर पहिली सही त्याचीच. ऐंशी ओलांडून तो नुकताच गेला होता. दुसऱ्याच्या मांडवात, त्याच्या दुखवट्यात, त्याच माणसानं पकडलेल्या चोराची गोष्ट काढायची हे रीतीला धरून नव्हतं. आबांनी तसं म्हणून पाहिलं.

"निंबाना मांडवमा तर सांगं नही तुम्ही," भिकुबाई म्हणाली. "मंग आते दुसराना मांडवच शे."

दोन दिवस आबा तिच्याच ओसरीत राहिले. सुनेला निरोप गेला, सेनापती पाहुणे राहिलेत म्हणून. खाटेवर पडल्या पडल्या ते भाषण जुळवत. राष्ट्र, त्याग, बलिदान, हे शब्द आपोआप येत, पन्नास वर्षांची सवय होती. निंबाचं नाव आलं की वाक्य तुटे.

चुडामणच्या दारी मोठा मांडव पडला होता. तीनचारशे माणूस. चुलाणावर वरण उकळत होतं, तळलेल्या कणकेच्या बट्ट्यांचा वास सुटला होता. मुलगा पुना, पन्नाशीचा, मुंडन केलेला, हात जोडून पाहुण्यांना बसवत होता. सेनापतींना पाहून त्याला बरं वाटलं. बापाच्या गंधमुक्तीला एवढा माणूस आला. त्यानं त्यांना पुढे नेलं. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, मग बोलावणाऱ्यानं आबांचं नाव घेतलं.

आबा गुडघ्यांवर हात रेटून उठले. "चुडामण पाटलांच्या आत्म्याला शांती लाभो," असं त्यांनी सभेच्या भाषेत म्हटलं. त्या भाषेत त्यांना पुढचं काही सापडेना. बायकांच्या बाजूला भिकुबाई बसलेली त्यांना दिसत होती, या वेळी दाराआड नाही, पुढे.

"तुम्हना गावमा निंबा व्हता," ते म्हणाले. "त्याले तुम्ही तारचोर म्हणतस. त्यानी तार चोरी नही. त्याले मी धाडं व्हतं. पकडाई गया तर चोर शे म्हणीन सांग, हाऊ हुकूम मनाच व्हता. त्यानी हुकूम पाळा. तो बोलता तर मी फासावर जातू. बस. इतलंच."

मग मागून रतिलाल नावाचा म्हातारा, निंबाच्याच वयाचा, म्हणाला, "मंग पन्नास साल तुम्ही काय करी राहिनतात, सेनापती?"

"काही नही," आबा म्हणाले. "लाज वाटे."

पुना लाल झाला होता. "आबा, मना बापना मांडवमा हाई बोलनं शोभस का तुम्हले? मना बापनी त्याले धरं, म्हणीन मना बाप वाईट?"

"तुझ्या बापाला मी काही म्हणालो नाही."

"मना बापले माहीत व्हतं!" पुना ओरडला, आणि ओरडल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. आता थांबता येणार नव्हतं. तो खालच्या आवाजात सांगू लागला. तार अकरा ठिकाणी तुटलेली होती. चोर एका जागी तोडतो आणि वेटोळं घेऊन पळतो. अकरा जागी तोडून दहा जागी टाकून कोण जातो? पाटलानं पाहिलं आणि ओळखलं. पण दलाचं काम म्हणून लिहिलं असतं तर गावावर सामुदायिक दंड बसला असता. शेजारच्या गावावर आदल्याच महिन्यात बसला होता, भांडीकुंडी विकली होती लोकांनी. निंबा चोर म्हणून सांगत होता. पाटलानं चोर म्हणून लिहिलं.

"गावना म्हातारा लोकेसले बठ्ठासले माहीत व्हतं," पुना म्हणाला. "इचारा रतिलाल नानाले."

रतिलालनं मान खाली घातली.

आबा उभेच होते. पन्नास वर्षं जे ओझं एकट्याचं म्हणून वाहिलं, ते अर्ध्या गावाला ठाऊक होतं. आपल्याला हलकं वाटायला हवं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. वाटलं नाही. बसावंसं मात्र फार वाटत होतं.

भिकुबाई उठली. बायका तिचं लुगडं ओढत होत्या, तरी ती पुरुषांच्या बाजूला आली. पुनाकडे तिनं पाहिलं नाही. रतिलालपुढे जाऊन ती उभी राहिली.

"रतिलालभाऊ. निंबा कोन व्हता?"

रतिलाल तोंडातल्या तोंडात काही बोलला.

"मांडवले ऐकू नही उनं."

"दलमा व्हता," रतिलाल म्हणाला. "सेनापतीना दलमा."

ती पुढच्या म्हाताऱ्याकडे गेली, तोताराम नाव त्याचं. त्यालाही तेच विचारलं. त्यानंही सांगितलं. मग तिसरा. हा तिसरा चावडीत निंबाच्या तोंडावर थुंकला होता, असं नंतर कुणीतरी आबांना सांगितलं. तो सर्वांत मोठ्यानं बोलला. चौथ्यापाशी ती गेली नाही. गावात त्या काळातलं चौथं माणूस उरलं नव्हतं.

तिनं पदर सारखा केला आणि मांडवाकडे वळून म्हणाली, "आते जेवाले बठा. वरण निवी राहिनं."

घर पुनाचं, बाप पुनाचा, आणि पंगत बसवत होती भिकुबाई. मग पुना खाली मान घालून पत्रावळींचा गठ्ठा घेऊन आला आणि लोक ओळीनं बसू लागले. आबांना मांडी घालता येईना. पुनानं घरातून लोखंडी खुर्ची आणून आपटली, पुढे स्टूल ठेवलं, त्यावर पत्रावळ मांडली. बट्टी कुस्करून त्यावर वरण ओतलं. तुपाची वाटी घेऊन तो पुन्हा आला तेव्हा त्यानं आबांकडे बघायचं टाळलं, पण पाहुण्याला वाढल्याशिवाय यजमानाला पुढे जाता येत नाही.

"तूप?"

"थोडं," आबा म्हणाले.

पुनानं वाटी कलती केली, आणि बस म्हणेपर्यंत ओतत राहिला.